लाइट गेली तरी नोंद राहिली पाहिजे : टायनीडीबी वापरून डेटा आपोआप फाइलमध्ये कसा जतन करायचा

देवगड तालुक्यातल्या आमच्या बागेत, मांगराच्या, म्हणजे बागेतल्या घराच्या, पडवीत एक जुना डेस्कटॉप आहे. आंब्याच्या हंगामात, म्हणजे मार्च ते मे, त्यावर काकी बसते. पेटी भरून झाली की ती नोंद करते: कोणाची पेटी, किती डझनी, किती नग (म्हणजे तशा किती पेट्या), भाव काय ठरला, वाशीला कोणाकडे जाणार. नोंदीचा हा प्रोग्राम मी लिहिला. पायथन शिकायला लागून तेव्हा मला सहाएक महिने झाले होते.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, गडगडलं आणि लाइट गेली. वीस मिनिटांनी परत आली. प्रोग्राम उघडला तर यादी रिकामी. फोल्डरमध्ये फाइल होती, नाव तेच, तारीख आजची, आकार शून्य. त्या दिवसाच्याच नाही, हंगाम सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या नोंदी गेल्या होत्या. काकी एवढंच म्हणाली, “गो बाय, माझ्या वहीक लायट लागणा नाय.” पुढचे तीन दिवस आम्ही दोघींनी गाडीच्या पावत्या समोर घेऊन सगळं पुन्हा भरलं.

तिचं ते वाक्य मी मनावर घेतलं. वहीत ओळ लिहिली की ती लिहिलेली राहते. पुढची ओळ लिहिताना लाइट गेली म्हणून मागची पानं कोरी होत नाहीत. प्रोग्रामने निदान एवढं तरी केलंच पाहिजे. ते मी कसं केलं, कुठे अडले, कुठे फसले, हे खाली पायरीपायरीने लिहिते आहे. तुम्हाला पायथनमधली यादी, डिक्शनरी आणि फंक्शन एवढं येत असेल तर पुरे. हिशोब आंब्याचाच असला पाहिजे असं नाही. होमस्टेची बुकिंग, बंदरावरचा मासळीचा लिलाव, काजूची खरेदी, दुकानाची उधारी, सगळ्याला हेच लागू आहे.

एक खुलासा. आज्ञा आणि नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची.

काय काय लागेल

- संगणक. जुना चालेल, विंडोज किंवा लिनक्स.
- पायथन ३. शक्य तितकी नवी आवृत्ती.
- कोड लिहायला एडिटर. नवशिक्यांना थॉनी सोपा, पुढे व्हीएस कोड.
- एकदाच इंटरनेट. तेही घरात नसलं तर चालेल, पायरी २ बघा.
- मराठी टाइप करायची सोय. इन्स्क्रिप्ट किंवा तुमच्या सवयीची दुसरी कुठलीही.
- दोन पेनड्राइव्ह.
- तुमच्या जुन्या वहीचं एक भरलेलं पान. रकाने ठरवायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

पायरी १ : हे साधन आपल्या कामाचं आहे का, ते आधी ठरवा

टायनीडीबी ही पायथनची एक छोटी लायब्ररी, म्हणजे आयता वापरता येणारा कोड, आहे. ती वेगळा सर्व्हर मागत नाही, पासवर्ड मागत नाही. तुम्ही डिक्शनरी द्यायची, ती जेसन या साध्या मजकुराच्या स्वरूपात एका फाइलमध्ये लिहून ठेवते. फाइल नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते, आणि माझ्या दृष्टीने हा तिचा सगळ्यात मोठा गुण आहे. उद्या प्रोग्राम बिघडला, मी गावात नसले, तरी काकी फाइल उघडून हिशोब वाचू शकते.

ऑनलाइन शीट का नाही, असं मला बरेच जण विचारतात. कोकणात राहणाऱ्याला हे फार समजवावं लागत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा सिंधुदुर्गातल्या कितीतरी गावांत दिवसचे दिवस ना लाइट होती ना रेंज. लॅपटॉप इन्व्हर्टरवर चालत होता, पण ज्यांचा हिशोब ऑनलाइन होता त्यांना तो उघडता येईना. आपल्या हिशोबाची मूळ प्रत आपल्याच घरात असावी, असं माझं ठाम मत आहे. रेंज असेल तेव्हा तिची नक्कल वर चढवा, हरकत नाही.

आता कुठे वापरू नये तेही सांगते. दोन संगणकांवरून एकाच वेळी नोंदी होणार असतील तर टायनीडीबी घेऊ नका. एकाच संगणकावर प्रोग्रामच्या दोन खिडक्या उघडल्या तरी घोळ होतो. दोघी आपापली प्रत वाचतात आणि जी शेवटी लिहिते ती दुसरीची नोंद पुसते. नोंदी लाखांत जाणार असतील तरीही नको, कारण प्रत्येक बदलाला ही लायब्ररी सगळी फाइल वाचते आणि सगळी पुन्हा लिहिते. आमच्या हंगामाच्या दोनेक हजार नोंदी होतात. तेवढ्याला काहीच जाणवत नाही.

पायरी २ : पायथन आणि टायनीडीबी बसवा

विंडोजवर पायथन बसवताना पहिल्याच खिडकीत, खालच्या बाजूला, पायथन ‘पाथ’मध्ये घालायचं का असं विचारणारी एक चौकट असते. तिथे खूण करा. ती राहून गेली की पुढे ‘पिप सापडत नाही’ असा निरोप येतो (पिप म्हणजे लायब्ररी बसवून देणारं पायथनचं साधन) आणि माणूस तासभर चूक भलतीकडे शोधत बसतो.

मग कामाचं एक फोल्डर करा. नाव इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता. त्या फोल्डरमध्ये आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे फक्त या कामापुरता पायथनचा वेगळा कप्पा, तयार करा आणि ते सुरू करून मग ‘पिप इन्स्टॉल टायनीडीबी’ द्या. एन्व्हायर्नमेंटचा हा टप्पा गाळू नका. उबुंटू आणि डेबियनच्या नव्या आवृत्त्या त्याशिवाय पिपला सरळ नकार देतात.

घरी रेंज नसेल तर ज्या संगणकावर इंटरनेट आहे तिथे ‘पिप डाउनलोड टायनीडीबी’ द्या. एक लहानशी फाइल उतरेल. ती पेनड्राइव्हवर घरी आणा आणि ‘पिप इन्स्टॉल’पुढे त्या फाइलचं नाव लिहा. नव्या पायथनवर टायनीडीबीला दुसऱ्या कुठल्याही पॅकेजची गरज लागत नाही, त्यामुळे काम एका फाइलीत भागतं.

इथला सापळा: तुमच्या प्रोग्रामच्या फाइलला ‘टायनीडीबी’ किंवा ‘जेसन’ हे नाव देऊ नका. दिलंत तर पायथन खऱ्या लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल उघडतो आणि ‘असं काही आत नाही’ म्हणतो. मी ‘पेटी’ नाव ठेवलं.

पायरी ३ : पहिली नोंद

लायब्ररीतून दोन गोष्टी आयात करा, ‘टायनीडीबी’ आणि ‘क्वेरी’. फाइलचा पत्ता देऊन डेटाबेस उघडा, त्यातून ‘पेट्या’ नावाचा टेबल मागा आणि त्यावर ‘इन्सर्ट’ला एक डिक्शनरी द्या. झालं. ‘सेव्ह’ नावाची आज्ञा वेगळी नाही. इन्सर्ट परत आलं म्हणजे फाइलमध्ये लिहिलं गेलं. टेबलाचं नाव आणि रकान्यांची नावं मराठीत ठेवली तरी चालतात. आमच्या फाइलमधली पहिली नोंद अशी दिसते:

{
  "पेट्या": {
    "1": {
      "तारीख": "2025-04-18",
      "खातं": 7,
      "डझनी": 5,
      "नग": 12,
      "भाव": 2200
    }
  }
}

बाहेरचा तो "1" आपण दिलेला नाही. टायनीडीबी प्रत्येक नोंदीला आपणहून चढता क्रमांक देते. नोंद दुरुस्त करायची तर हाच क्रमांक वापरा. काकीच्या पडद्यावर मी तो प्रत्येक ओळीच्या आधी दाखवते, म्हणजे ती फोनवर “बाराव्या नोंदीत भाव चुकला” असं सांगू शकते.

तीन सापळे इथेच आहेत.

पहिला पत्त्याचा. फाइलचं नुसतं नाव दिलं तर ती, प्रोग्राम जिथून चालवला त्या फोल्डरमध्ये तयार होते. एडिटरमधून चालवला तर एक जागा, डेस्कटॉपवरच्या आयकॉनवरून चालवला तर दुसरी. मग दोन फाइली होतात आणि “काल भरलेलं आज दिसत नाही” सुरू होतं. पायथनच्या ‘पाथलिब’ने प्रोग्रामच्या स्वतःच्या फाइलचं फोल्डर काढा आणि पूर्ण पत्ता द्या.

दुसरा ‘अपडेट’चा. अट न देता ‘अपडेट’ चालवलंत तर टेबलातली प्रत्येक नोंद बदलते. एका खात्याचा भाव दुरुस्त करायला गेलात आणि अट विसरलात, तर सगळ्या पेट्यांचा भाव एकच होईल. मी ‘अपडेट’ थेट कुठेच वापरत नाही. माझं एक छोटं फंक्शन आहे, नोंदीचा क्रमांक दिल्याशिवाय ते काही बदलत नाही.

तिसरा शोधताना दोन अटी जोडण्याचा. पाच डझनी आणि सात नंबरचं खातं, असं दोन्ही हवं असेल तर पायथनचा ‘अँड’ हा शब्द चालत नाही. तो चूक दाखवत नाही, गपचूप एकच अट लावतो आणि चुकीची बेरीज देतो. त्याऐवजी अँपरसँडचं चिन्ह (&) वापरा आणि दोन्ही अटी वेगवेगळ्या कंसांत घाला.

इंटरनेटवरच्या जुन्या धड्यांत सगळं पुसण्यासाठी ‘पर्ज’ ही आज्ञा दिसेल. चौथ्या आवृत्तीपासून तिचं नाव ‘ट्रंकेट’ झालं.

पायरी ४ : मराठी अक्षरं

यावर थोडं थांबते, कारण इंग्रजीतले धडे या वाटेने जातच नाहीत.

काहीही सेटिंग न करता ‘आंबा’ जतन केलात आणि फाइल उघडलीत, तर ‘आंबा’ दिसणार नाही. प्रत्येक अक्षराच्या आणि मात्रेच्या जागी उलटी तिरकी रेघ, ‘यू’ आणि चार अंकी संकेत दिसेल. ‘आ’साठी ०९०६, अनुस्वारासाठी ०९०२, असं. डेटा बरोबर आहे, प्रोग्राम तो नीट वाचेल, पण काकी वाचू शकणार नाही. शिवाय यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या नेहमीच्या रीतीत (एन्कोडिंगमध्ये) देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात आणि या सांकेतिक रूपात सहा, म्हणजे फाइल उगीच फुगते.

उपाय म्हणून डेटाबेस उघडताना तीन गोष्टी सांगा. ‘एन्शुअर-आस्की’ फॉल्स, ‘एन्कोडिंग’ यूटीएफ-८, आणि ‘इंडेंट’ २. पहिल्या दोन एकत्रच द्या. नुसती पहिली दिलीत तर विंडोज आपलं जुनं पाश्चात्त्य एन्कोडिंग वापरायला जातो आणि पहिल्याच मराठी अक्षराला अडतो. तिसरीने फाइल वर दाखवली तशी ओळीओळीने लिहिली जाते.

आता खरी गोम. मराठीत एकच दिसणारा शब्द दोन प्रकारे टाइप होऊ शकतो. ‘गोऱ्हे’ हे आडनाव घ्या. यातला अर्धा ‘र’ काही कीबोर्ड एका अक्षराने लिहितात, खाली नुक्ता असलेल्या ‘ऱ’ने. काही कीबोर्ड साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखेच. संगणकाला ते दोन वेगळे शब्द. काकीने संगणकावर नाव भरलं, माझ्या चुलतभावाने मोबाइलवर टाइप करून पाठवलेलं नाव मी चिकटवलं, आणि एका माणसाची दोन खाती झाली. एकाची बाकी दुसऱ्यात दिसेना. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगळ्या रीतीने लिहिलेली तीच अक्षरं एकसारखी करणं, तेही हा फरक मिटवत नाही, मी करून पाहिलं.

म्हणून नावावर शोध घेऊच नका. प्रत्येक गिऱ्हाइकाला खातं नंबर द्या, नाव ‘खाती’ नावाच्या वेगळ्या टेबलात एकदाच लिहा आणि पेटीच्या नोंदीत फक्त नंबर ठेवा. आपल्याकडे वाण्याच्या वहीत खातेपान असतंच, तीच रीत. नाव भरताना पुढची-मागची मोकळी जागा ‘स्ट्रिप’ने काढा, तीही अशीच न दिसणारी चूक आहे.

पायरी ५ : आकडे आणि तारखा

काकी आकडे देवनागरीत टाइप करते. मला वाटलं, हे आता बदलून घ्यावं लागणार. पण पायथनचं ‘इंट’ हे फंक्शन ‘२२००’ देवनागरीत दिलं तरी बरोबर ओळखतं आणि त्याची संख्या करतं. हे कळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. तिची सवय तशीच राहिली. फाइलमध्ये मात्र संख्या इंग्रजी आकड्यांतच लिहिली जाते, वरच्या नमुन्यात दिसते तशी, कारण जेसनचा नियमच तसा आहे.

‘इंट’ करायला मात्र विसरू नका. टाइप केलेलं जसंच्या तसं जतन केलं तर तो मजकूर राहतो. मजकुरात ९ हा १० पेक्षा मोठा ठरतो, आणि बेरीज करायला गेलात तर ५ आणि ५ चे ५५ होतात.

तारीख थेट जतन होत नाही, जेसनमध्ये तारीख नावाचा प्रकार नाही. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा मजकूर करून ठेवा. या क्रमाने ठेवली की मजकूर म्हणून लावली तरी तारखा बरोबर ओळीने लागतात.

पायरी ६ : नोंद करताक्षणी लिहा, साठवून नको

टायनीडीबी हळू वाटली की कोणीतरी ‘कॅशिंगमिडलवेअर’ लावायला सांगतं. ते नोंदी मेमरीत साठवतं आणि एक हजार बदल झाले की, किंवा डेटाबेस नीट बंद केला की, फाइलमध्ये उतरवतं. लाइट जाणाऱ्या गावात हे लावू नका. आमच्याकडे दिवसाला शंभरावर नोंदी क्वचित होतात, म्हणजे दिवसभराचं सगळं मेमरीतच राहिलं असतं.

जुन्या वहीतल्या शेकडो नोंदी एकदम भरायच्या असतील तेव्हा ‘इन्सर्ट-मल्टिपल’ला पूर्ण यादी द्या. सगळ्या नोंदी एकाच लिखाणात जातात आणि कॅशिंगची गरज राहत नाही.

पडद्यावर ‘जतन झालं’ हा निरोप इन्सर्टच्या *पुढच्या* ओळीत दाखवा, आधी कधीच नाही. काकी तो निरोप बघितल्याशिवाय पेटीवर खडूची खूण करत नाही. त्या खुणेचा अर्थ खरा राहिला पाहिजे.

पायरी ७ : लाइट जाण्याची तजवीज

आता माझी फाइल शून्य का झाली, ते नीट समजून घ्या. माझ्या पहिल्या प्रोग्रामात टायनीडीबी नव्हती. प्रत्येक नोंदीला मी फाइल ‘राइट’ पद्धतीने उघडून सगळी यादी पुन्हा लिहीत होते. या पद्धतीने फाइल उघडली की त्याच क्षणी ती रिकामी होते, लिहिणं त्यानंतर सुरू होतं. शिवाय पायथनने लिहिलं म्हणजे डिस्कवर गेलं असं नाही. आधी पायथनच्या स्वतःच्या साठ्यात, मग ऑपरेटिंग सिस्टिमच्या साठ्यात, आणि तिला सवड होईल तेव्हा डिस्कवर. या मधल्या वेळात लाइट गेली की जुनंही नाही आणि नवंही नाही.

टायनीडीबीची मूळ पद्धत यापेक्षा बरी आहे. ती आधी सगळा मजकूर तयार करते, मग फाइलच्या सुरुवातीपासून त्यावरच लिहिते, आणि ‘फ्लश’ व ‘एफसिंक’ करून डिस्कवर पोचवते. पण लिहिते त्याच फाइलवर. अर्ध्यात लाइट गेली तर अर्धी नवी, अर्धी जुनी अशी फाइल उरू शकते, आणि तसं जेसन उघडत नाही.

बरं झालं ते हे की, साठवण्याचा भाग टायनीडीबीत वेगळा काढता येतो. ‘स्टोरेज’ या क्लासवरून स्वतःचा एक क्लास (फंक्शनं एकत्र बांधणारी पायथनची रचना) करायचा, त्यात ‘रीड’, ‘राइट’ आणि ‘क्लोज’ ही फंक्शनं लिहायची आणि डेटाबेस उघडताना ‘स्टोरेज’ म्हणून तो द्यायचा. चाळीसेक ओळींचं काम आहे. ‘राइट’मध्ये हा क्रम पाळा:

१. मूळ फाइलला हात लावू नका. *त्याच फोल्डरमध्ये*, शेवटी ‘नवी’ अशी खूण असलेल्या नावाची दुसरी फाइल उघडा. एन्कोडिंग यूटीएफ-८.
२. सगळा डेटा तिच्यात लिहा. पायरी ४ मधली एन्शुअर-आस्की आणि इंडेंटची सेटिंगं आता इथे, जेसनच्या आज्ञेत येतात. डेटाबेस उघडताना ती पुन्हा देऊ नका, तुमचा क्लास ती ओळखणार नाही.
३. फाइलवर ‘फ्लश’ करा. मजकूर पायथनकडून ऑपरेटिंग सिस्टिमकडे गेला.
४. पायथनच्या ‘ओएस’ या लायब्ररीमधलं ‘एफसिंक’ करा. ऑपरेटिंग सिस्टिमकडून डिस्कवर गेला.
५. फाइल बंद करा.
६. ‘ओएस’मधल्या ‘रिप्लेस’ने नव्या फाइलला मूळ फाइलचं नाव द्या.

सगळी मदार सहाव्या ओळीवर आहे. नाव बदलणं हे काम अर्धवट होत नाही. लाइट कधीही जावो, त्या नावाखाली एकतर जुनी अखंड फाइल असते किंवा नवी अखंड फाइल. ‘रिप्लेस’ऐवजी ‘रीनेम’ वापरू नका. त्या नावाची फाइल आधीच असली तर विंडोजवर ‘रीनेम’ नकार देतं. आणि नवी फाइल त्याच फोल्डरमध्ये हवी हे मी मुद्दाम ठळक केलंय. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर असं नुसतं नाव बदलून जाता येत नाही. लिनक्सवर एक जादा काळजी घ्या. नाव बदलल्यावर फोल्डरलाही एफसिंक करा, म्हणजे शेवटची नोंदसुद्धा पक्की होते.

‘क्लोज’मध्ये काही करायचं नाही. ‘रीड’मध्ये फाइल नसेल तर ‘नन’ परत द्या, टायनीडीबी त्याचा अर्थ कोरा डेटाबेस असा घेते. फाइल असेल तर वाचून द्या.

आणि आता या लेखातला सगळ्यात मोठा सापळा. फाइल *आहे* पण वाचता येत नाही, तेव्हा काय करायचं? मोह असा होतो की ‘ट्राय-एक्सेप्ट’ (चूक आली तरी प्रोग्राम पुढे चालू ठेवणारी रचना) घालावं आणि काही चुकलं तर ‘नन’ द्यावं, म्हणजे प्रोग्राम बंद पडणार नाही. असं कधीही करू नका. प्रोग्राम समजेल की डेटाबेस कोरा आहे, पुढची पहिलीच नोंद घेईल आणि जुन्या फाइलच्या जागी एका नोंदीची फाइल ठेवेल. दुरुस्त होऊ शकणारी फाइल तुम्ही आपल्या हाताने पुसलेली असेल. वाचता येत नसेल तर प्रोग्राम थांबू द्या आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा: ‘फाइल उघडत नाही, काही भरू नका, फोन करा.’

विंडोजवर कधीकधी ‘रिप्लेस’ला परवानगी नाकारल्याचा निरोप येतो. बहुतेक वेळा अँटीव्हायरसने किंवा दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने फाइल क्षणभर धरून ठेवलेली असते. अर्धा सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करा, असे पाच प्रयत्न ठेवा. पाचही फसले तर ‘जतन झालं नाही’ असं स्पष्ट सांगा.

पायरी ८ : मुद्दाम बंद पाडून बघा

आता याची परीक्षा घ्या, आणि ती हंगामाआधी घ्या. एक छोटा प्रोग्राम लिहा. त्याने १ पासून चढते आकडे एकेक करून इन्सर्ट करावेत आणि प्रत्येक इन्सर्टनंतर तो आकडा पडद्यावर छापावा. तो चालू असताना टास्क मॅनेजरमधून बंद पाडा. मग फाइल उघडून शेवटचा आकडा बघा. पडद्यावर जो शेवटचा दिसला तो फाइलमध्ये असलाच पाहिजे. एखादा जास्त असेल तर चालेल, कमी असता कामा नये. हे वीस-पंचवीस वेळा करा.

टास्क मॅनेजरने प्रोग्राम मरतो, ऑपरेटिंग सिस्टिम जिवंत राहते. त्यामुळे एफसिंकची परीक्षा यात होत नाही. ती फक्त खरी वीज घालवूनच होते. मी एका जुन्या, दुसरं काही नसलेल्या संगणकावर बोर्डाचं बटण बंद करून पाहिलं. पडद्याचा मोबाइलवर व्हिडिओ घेत होते, म्हणजे शेवटचा आकडा नंतर वाचता आला. दहा वेळा केलं, दहाही वेळा फाइल अखंड उघडली. कामाच्या संगणकावर हे करू नका.

पायरी ९ : रोजची प्रत

चांगली फाइलसुद्धा डिस्क गेली की जाते. प्रोग्राम सुरू होताना, पहिली नोंद घेण्याआधी, फाइलची प्रत ‘जुन्या’ नावाच्या फोल्डरमध्ये तारीख घातलेल्या नावाने ठेवा. पायथनच्या ‘शूटिल’ने हे एका ओळीत होतं. प्रत करण्याआधी मूळ फाइल नीट उघडते ना ते तपासा, नाहीतर बिघडलेल्या फाइलीच्या प्रती साठत जातात.

आठवड्यातून एकदा पेनड्राइव्ह. दोन ठेवा, आलटून पालटून वापरा, आणि एक मांगरात न ठेवता घरी ठेवा. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत पेनड्राइव्हचं तोंड गंजतं, आमचा एक दोन पावसाळ्यांत गेला. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, औषधांच्या बाटलीत येतात तसल्या ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवा. पावसाळ्याआधी मी हंगामाचा हिशोब कागदावरही छापून घेते.

आणि प्रत परत आणून बघा. पेनड्राइव्हवरची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून बेरीज जुळते का, ते वर्षातून एकदा तरी पाहा.

पुढे काम वाढलं तर

दोघांनी एकाच वेळी भरायची वेळ आली, किंवा नोंद केल्यावर निरोप यायला क्षणभर थांबावं लागायला लागलं, की एसक्यूलाइटकडे जा. तीही एकाच फाइलमध्ये साठवते, पायथनसोबतच येते, वेगळी बसवावी लागत नाही, आणि लाइट जाण्याची तजवीज तिच्यात मुळातच आहे. मग आधीच ती का नाही घ्यायची? घ्या, जर तुम्हाला एसक्यूएल, म्हणजे तिला आज्ञा द्यायची भाषा, येत असेल. मला येत नव्हतं, आणि फाइल नोटपॅडमध्ये वाचता येणं आमच्या घरात जास्त गरजेचं होतं.

बदलायचं झालं तर टायनीडीबीच्या टेबलावर ‘ऑल’ द्या, सगळ्या नोंदी यादीत येतील. त्या एकेक करून नव्या टेबलात घाला आणि दोन्हीकडची नगांची आणि रकमेची बेरीज ताडून पाहा. जुळल्यावरही जुनी जेसन फाइल निदान पुढचा एक हंगाम पुसू नका.